९८ कोटींची गोगलगाय आणि २० हजारांची पीएचडी

आधी दोन आकडे बघू.

२०२२च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचं धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली. काही शेतकऱ्यांना दुबार, तर काहींना तिबार पेरणी करावी लागली. या नुकसानीपोटी राज्य सरकारनं सुमारे ९८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली.

दुसरा आकडा. सीएसआयआरची फेलोशिप असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला संशोधनाच्या खर्चासाठी वर्षाला २० हजार रुपये मिळतात. याला ‘कॉन्टिन्जन्सी’ म्हणतात. प्रवास, रसायनं, बाटल्या, झेरॉक्स, सगळं यातच. यूजीसीची फेलोशिप असेल तर विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं १२ हजार आणि नंतर २५ हजार.

हे दोन आकडे शेजारी ठेवणं थोडं खोडसाळपणाचं आहे, कारण पहिला आकडा मदतीचा आहे आणि ती मदत मिळायलाच हवी होती. शेतकऱ्याच्या पैशातून विद्यार्थ्याला द्या, असं मी अजिबात म्हणत नाहीये. माझा प्रश्न वेगळा आहे. एका परक्या जीवामुळे एका हंगामात आपण ९८ कोटी मोजतो, तर त्याच जीवाला आवरायचं कसं हे शोधण्यासाठी किती मोजतो? आणि जे मोजतो, ते ज्या पद्धतीनं देतो, त्यातून काही निष्पन्न होऊ शकतं का?

माझं उत्तर: फारसं नाही. आणि त्याचं कारण नुसतं ‘पैसे कमी आहेत’ एवढंच नाही. पैशाचं वेळापत्रक, पैशाचा मालक आणि पैसे देताना विचारला जाणारा प्रश्न, हे तिन्ही चुकतंय. एकेक करून बघू.

आधी गोगलगायीची ओळख

ही मूळची पूर्व आफ्रिकेची. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांत अचॅटिना फुलिका. भारतात ती १८४७ साली आली, आणि तीही चोरून नाही. विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकानं मॉरिशसहून आणून ती कलकत्त्यात सोडली. म्हणजे आपल्याकडच्या या आक्रमणाची सुरुवातच एका अभ्यासकाच्या हातून झाली, हे संशोधकांनी विसरू नये.

ती एका वेळी शंभर ते चारशे अंडी घालू शकते, आणि वर्षात अनेकदा. एकाच शरीरात नर आणि मादी दोन्ही असल्यामुळे अंडी न घालणारा ‘नर’ असा कोणी नसतोच. पाचशेहून जास्त प्रकारच्या वनस्पती ती खाते. उंदराच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताची ती वाहक आहे आणि त्या जंतामुळे माणसाला मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून ती नुसत्या हातानं उचलू नका.

मुंबईकरांना ती पावसाळ्यात दिसतेच. आमच्या प्रभादेवीत जुन्या चाळी पडून टॉवर उभे राहिले, टॉवरच्या पोडियमवर बागा आल्या, बागांसाठी कुठून कुठून माती आणि कुंड्या आल्या. मातीत अंडी असतील तर गोगलगायीला वेगळं तिकीट काढावं लागत नाही. मग जुलैमध्ये सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतात आणि वॉचमनला मीठ टाकायला सांगितलं जातं. मिठानं ती मरते, पण माती आणि झाडंही खराब होतात. शहरात ही किळस येण्यापुरती गोष्ट आहे, लातूरच्या शेतकऱ्यासाठी ती दुसऱ्या पेरणीच्या बियाण्याचा खर्च आहे.

पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे, पण मोजून दोन

जेआरएफ २ वर्षं आणि एसआरएफ ३ वर्षं, अशी ५ वर्षांची फेलोशिप असते. कागदावर पुरेशी वाटते. आता ती गोगलगायीच्या कॅलेंडरवर मांडून बघा.

गोगलगाय जूनच्या पावसाबरोबर बाहेर येते. सोयाबीनला खरा धोका उगवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत असतो. म्हणजे शेतातल्या नियंत्रणाचा प्रयोग करायचा तर वर्षातून एकच खिडकी उघडते, जेमतेम महिन्याभराची.

पहिला पावसाळा कोर्सवर्क आणि नोंदणीत जातो. दुसरा पद्धत बसवण्यात: किती फुटांचा चौकोन आखायचा, मोजणी पहाटे करायची की रात्री, शेतकऱ्याशी काय ठरवायचं. पाचवा पावसाळा प्रबंध लिहिण्यात. उरले तिसरा आणि चौथा. त्यातला एक कोरडा गेला, तर हातात एकाच हंगामाची आकडेवारी राहते. एका हंगामावरून ‘ही पद्धत चालते’ असं कोणी म्हणालं, तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

मजा म्हणजे ही गोगलगाय पाच-सहा वर्षं जगू शकते. म्हणजे आपण एका पीएचडीला तिच्या एका पिढीचं आयुष्यसुद्धा पूर्ण बघू देत नाही.

मार्चअखेर ती झोपलेली असते

दुसरी गोची आर्थिक वर्षाची. प्रकल्पाचा निधी मंजूर होऊन खात्यावर यायला अनेकदा पावसाळा उलटून जातो. आला की ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. पण हिवाळा-उन्हाळ्यात गोगलगाय जमिनीत किंवा दगडांच्या फटीत शिरते, शंखाच्या तोंडावर पांढरा पापुद्रा ओढून घेते आणि पावसाची वाट बघत पडून राहते. म्हणजे पैसे असतात तेव्हा गोगलगाय नसते, आणि गोगलगाय असते तेव्हा पैसे नसतात.

मग विद्यार्थी काय करतो? खिशातून खर्च करतो, बिलं जपून ठेवतो आणि परतफेडीची वाट बघतो. १ जानेवारी २०२३पासून जेआरएफची रक्कम ३१ हजारांवरून ३७ हजार आणि एसआरएफची ३५ हजारांवरून ४२ हजार झाली, घरभाडे भत्ता वेगळा. वाढ चांगली आहे. पण ती वेळेवर आली तर. मी प्रभादेवीत आईवडिलांच्या घरी राहते, म्हणून दोन-तीन महिने उशीर झाला तरी ताटात जेवण असतं. माझ्याबरोबरचा जो मुलगा भाड्यानं राहतो आणि गावी पैसेही पाठवतो, त्याला त्याच काळात शेतावर जाऊन प्रयोग करणं परवडत नाही. तो मग प्रयोगशाळेत होईल असा विषय घेतो. त्यात त्याचं काहीच चुकत नाही. पण कोणत्या प्रश्नांवर संशोधन होतं आणि कोणते प्रश्न सोडून दिले जातात, हे असं घरभाड्यावरून ठरतं.

बार्टी, सारथी, महाज्योतीच्या संशोधक विद्यार्थ्यांना तर नोंदणीच्या तारखेपासून फेलोशिप मिळावी म्हणून आंदोलनाला बसावं लागलं. आणि डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात फेलोशिपच्या जागांची चर्चा चालू असताना, पीएचडी करून मुलं काय दिवे लावणार, असा सवाल थेट सभागृहात झाला. दिवे लावायला तेल लागतं आणि ते अंधार पडायच्या आत लागतं, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

‘यात नवीन काय?’

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. निधी मागताना विद्यार्थ्याला हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो: यात नवीन काय? मलाही एका समितीनं तो विचारला. प्रश्न प्रामाणिक होता. पण नियंत्रणाच्या संशोधनात ‘नवीन’ ही कसोटीच बऱ्याचदा गैरलागू ठरते.

गोगलगायीचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. संध्याकाळी गोळा करून साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर पसरा आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाका. केरळमध्ये तंबाखूचा काढा आणि मोरचूद वापरतात. यातला एकही उपाय नवीन नाही. पण पुढचे प्रश्न विचारा. गोणपाटं एकट्यानं लावली आणि शेजारच्यानं लावली नाहीत, तर किती उपयोग? गावातल्या किती शेतकऱ्यांनी एकाच वेळी लावली की फरक पडतो? गोळ्यांमुळे कुत्री-पक्षी किती दगावतात? पहिल्या पावसानंतर कितव्या दिवशी वेचणी केली तर अंडी घालण्याआधी गाठता येईल? यांची उत्तरं लातूरच्या मातीत, लातूरच्या पावसात मोजूनच मिळतील.

त्याहून मूलभूत प्रश्न: वर्तमानपत्रात सगळ्यांचं नाव एकच, शंखी गोगलगाय. पण आपल्याकडे देशी गोगलगायींच्याही कितीतरी जाती आहेत. अमुक शेतात जे सापडतंय त्यात आफ्रिकी किती आणि देशी किती, हे मोजल्याशिवाय सरसकट विष टाकणं म्हणजे चोराबरोबर शेजाऱ्यालाही मारणं.

हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यातूनच उपयोगाच्या गोष्टी निघतात. घाणेरीचं उदाहरण घ्या. वरून छाटली की ती दुप्पट जोमानं फुटते, हे प्रत्येक वनमजुराला ठाऊक होतं. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉर्बेटच्या जंगलात पद्धतशीर तपासून दाखवलं, की जमिनीखालचा खोड-मुळाचा सांधा कुदळीनं तोडून झुडूप उलटं ठेवलं तर ती पुन्हा फुटत नाही. ना रसायन, ना यंत्र. आज ही पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते.

दुसरं उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरांचं. तिथे १९९७ साली जंगलात १३४ ठिकाणी पाहणी झाली होती. २००८मध्ये बंगळुरूच्या ‘अत्री’ संस्थेतल्या एका पीएचडीच्या विद्यार्थ्यानं त्याच जागा पुन्हा मोजल्या. आधी साधारण ४० टक्के जागांवर असलेली घाणेरी आता सुमारे ८० टक्के जागांवर होती. हा निष्कर्ष शक्य झाला, कारण अकरा वर्षांपूर्वी कोणीतरी त्या जागांची नीट नोंद करून ठेवली होती. ‘नवीन काय’ या कसोटीवर दुसरी मोजणी नापास झाली असती. तरी त्या जंगलाबद्दलचं सगळ्यात उपयोगी उत्तर तिच्यातूनच आलं.

आणि मोजणी न करता उपाय केला तर काय होतं? पॉलिनेशियातल्या मोरिया बेटावर १९७७ साली हीच आफ्रिकी गोगलगाय आवरायला एक शिकारी गोगलगाय सोडली. तिनं आफ्रिकी गोगलगायीकडे फारसं लक्ष दिलं नाही. बेटावरच्या देशी पार्ट्युला गोगलगायी मात्र काही वर्षांत जंगलातून संपवल्या.

कोणाच्या खात्यात बसते ही?

शेतात असेल तर कृषी खातं. जंगलात वन खातं. सोसायटीच्या बागेत? महापालिकेचा कीटकनाशक विभाग डास आणि उंदरांमागे असतो, उद्यान विभागाकडे सार्वजनिक उद्यानं असतात. जीव तोच, पण बांध ओलांडला की खातं बदलतं, आणि निधीचा अर्जही बदलतो.

कायद्यातही हेच. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२च्या दुरुस्तीनं पहिल्यांदा ‘आक्रमक परकीय प्रजाती’ची व्याख्या आली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणं यांवर नियंत्रणाचा अधिकार केंद्राला मिळाला. पाऊल चांगलंच आहे. पण व्याख्या वन्यजीवांना आणि त्यांच्या अधिवासाला असलेल्या धोक्यापुरती आहे. सोयाबीन खाणारी गोगलगाय तिच्यात ओढूनताणूनच बसवावी लागते. पिकांच्या किडींसाठी आपल्याकडे १९१४चा वेगळा कायदा आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की त्याचा विषय कुठल्याच निधीच्या यादीत नीट बसत नाही. मोठे प्रकल्प प्राध्यापकांच्या नावावर मिळतात, विद्यार्थ्याला थेट अर्ज करता येत नाही. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानसाठी पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणा झाली, पण त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा आहे. गोगलगायीसाठी कोणती कंपनी रांग लावणार आहे? परदेशी निधी घ्यायचा तर संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं घेतलेला असा निधी दुसऱ्या संस्थेला देताही येत नाही.

दुसरीकडे, काढण्यासाठी पैसे असतात. पवई तलावातली जलपर्णी काढायला वर्षानुवर्षं कंत्राटं निघतात. वनीकरणाच्या भरपाई निधीतून २०१९मध्ये महाराष्ट्राच्या वाट्याला ३,८४४ कोटी रुपये आले. काढलेली जलपर्णी परत किती दिवसांत आली, हे मोजण्याची अट कंत्राटात असती, तर आज आपल्याकडे वीस वर्षांची आकडेवारी असती.

दुसरीकडे काय करतात?

दक्षिण आफ्रिकेनं १९९५मध्ये ‘वर्किंग फॉर वॉटर’ कार्यक्रम सुरू केला. नद्यांचं पाणी पिणारी परकी झाडं तोडायची आणि त्यातून गरिबांना रोजगार द्यायचा. २००४मध्ये स्टेलनबॉश विद्यापीठात आक्रमक प्रजातींच्या अभ्यासाचं केंद्र उभं राहिलं, आणि विद्यार्थी घडवणं हे तिथलं मुख्य काम ठरलं. तोडणी कितपत उपयोगी पडली, यावर टीका करणारे अभ्यासही तिथूनच आले.

फ्लोरिडाची गोष्ट तर आपल्याच गोगलगायीची आहे. १९६६मध्ये एका मुलानं हवाईहून तीन गोगलगायी आणल्या, आजीनं त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत १८ हजारांहून जास्त सापडल्या. त्या संपवायला दहा वर्षं आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च आला. २०११मध्ये त्या पुन्हा आल्या, २०२१मध्ये संपल्याचं जाहीर झालं, आणि २०२२मध्ये दुसऱ्या जिल्ह्यात परत सापडल्या. पण सापडल्या त्या शोधणारी माणसं कामावर होती म्हणूनच.

आता तुम्ही म्हणाल...

‘विद्यार्थ्यांना पैसे दिले की गोगलगाय जाईल?’ नाही. महाराष्ट्रातून ती पूर्णपणे जाणं आता जवळपास अशक्य आहे. प्रश्न नुकसान आटोक्यात ठेवण्याचा आहे.

‘मग कृषी विद्यापीठं आहेत की!’ आहेत, आणि शेतकऱ्यापर्यंत पोचणारा बहुतेक सल्ला त्यांचाच आहे. पण दर जूनमध्ये तोच सल्ला पुन्हा छापायचा, की तो किती शेतांवर लागू पडला हे तपासायचं, हा फरक माणसांच्या संख्येचा आहे.

एक टीका मला स्वतःलाही पटते. विद्यार्थ्यांना निधी देणं हा कायमस्वरूपी माणसं नेमण्याला पर्याय होऊ नये. स्वस्तातला मोजणीदार म्हणून पीएचडीचा विद्यार्थी वापरायचा आणि पाच वर्षांनी सोडून द्यायचा, ही पद्धत आत्ताच रुळत चालली आहे. जागा आखून देणारा आणि विद्यार्थी गेल्यावर सांभाळणारा कोणीतरी पगारी माणूस हवाच.

थोडं गणित, आणि मागणी

समजा लातूरची एक फेरी, दोघांचा प्रवास, चार रात्री राहणं आणि भाड्याची गाडी धरून १२ हजारांत होते. हंगामात चार फेऱ्या म्हणजे ४८ हजार. जात ओळखायला साठ नमुन्यांची डीएनए तपासणी, प्रत्येकी ८०० धरले तर आणखी ४८ हजार. एकूण ९६ हजार. २० हजारांत यातल्या दोन फेऱ्याही बसत नाहीत.

आता ९८ कोटींचा हजारावा भाग काढा. ९ लाख ८० हजार. त्यात अशा दहा विद्यार्थ्यांचा एका पावसाळ्याचा खर्च निघतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आक्रमक प्रजातींवर सरकार जो काही खर्च करतं, मग ती भरपाई असो, जलपर्णीचं कंत्राट असो की घाणेरी काढणं, त्याच्या हजाराव्या भागाइतकी रक्कम वेगळी, वरून द्यावी आणि ती विद्यार्थ्यांच्या शेतावरच्या मोजणीसाठी राखून ठेवावी. ती मेमध्ये हातात पडावी आणि हिशेब द्यायला पुढच्या पावसाळ्यापर्यंत मुदत असावी. आधी आखलेल्या जागा पुन्हा मोजण्याला ‘नवीन’ इतकाच मान मिळावा, आणि ‘हा उपाय चालला नाही’ हाही निष्कर्ष धरला जावा. शेवटी प्रत्येक विद्यार्थ्यानं दोन पानं मराठीत लिहून तालुका कृषी अधिकाऱ्याला द्यावीत. ज्यांच्या शेतात मोजलं, त्यांना कळायला नको?

२०२२च्या मॉन्ट्रियल करारात भारतासह सगळ्या देशांनी मान्य केलंय, की २०३०पर्यंत नव्या आक्रमक प्रजाती येण्याचं आणि रुजण्याचं प्रमाण निम्म्यानं कमी करायचं. निम्मं म्हणजे कशाच्या निम्मं, हे सांगायला आधी मोजलेलं असावं लागतं. २०३० यायला फार पावसाळे उरलेले नाहीत.